विचारायचे कोणाला? संगणक-व्यवसाय आणि व्यवसायचौकशीची प्रथा

एखादा व्यवसाय पत्करण्यापूर्वी तो करणाऱ्या माणसाला गाठून त्याच्या कामाची बारकाईने चौकशी करणे, ही आज महाविद्यालयीन प्रकल्पांतील रुळलेली बाब आहे. संगणक अभियंता, माहितीसाठ्याचा व्यवस्थापक किंवा सायबर सुरक्षेचे काम करणारा कोणी शोधावा, त्याला भेटून प्रश्न विचारावेत आणि अहवाल जोडावा, अशी तिची रीत असते. नोकरी मागण्यासाठी नव्हे तर कामाची माहिती घेण्यासाठी होणाऱ्या या भेटीला येथे ‘माहिती-मुलाखत’ म्हटले आहे. या प्रथेच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात काय विचारायचे यापेक्षा कोणाला विचारायचे आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे, हाच प्रश्न सतत कळीचा राहिला आहे.

धंदा वाडवडिलांकडून चालत येत होता तोवर अशा चौकशीची गरज भासत नव्हती, कारण कामाची माहिती आणि काम दोन्ही घरातच असत. कारखान्यांनी ही व्यवस्था मोडली, तरी तिची जागा लगेच खुल्या माहितीने घेतली नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत हे स्पष्ट दिसते. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या तरुणाला गिरणगावात प्रथम आसरा मिळे तो गाळ्यात, म्हणजे एका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या खोलीत. कोणत्या खात्यात बदली कामगाराला काम लवकर मिळते, पाळी कितीची, कोणत्या जॉबरची मर्जी सांभाळावी लागते, ही सारी माहिती त्याला तेथेच मिळे. जॉबर हा कामगार भरणारा आणि त्यांच्यावर देखरेख करणारा मुकादम, आणि तोही बहुधा गावच्या किंवा नात्याच्या माणसांतूनच भरती करी. गाववाल्यांच्या या आधारावर हजारो कुटुंबे उभी राहिली, हे मान्यच करावे लागेल. पण ज्याचे कोणी आत नव्हते त्याला दार बंद होते. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, धोट्यातील कांडी संपली की विणकराला नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि विटाळाची सबब पुढे करून अस्पृश्य कामगारांना त्या अधिक मजुरीच्या खात्यात येऊ दिले जात नसे. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. ज्या खात्यात आपले कोणी कामाला नाही, त्या खात्याची माहितीही आपल्यापर्यंत येत नाही, हा या घटनेचा सहसा न सांगितला जाणारा भाग आहे.

ओळखीवाचून माहिती मिळावी, यासाठी संस्था उभारण्याचा पहिला ठळक प्रयत्न अमेरिकेतील बॉस्टन येथे झाला. तेथील नॉर्थ एंड या स्थलांतरितांच्या वस्तीत ‘सिव्हिक सर्व्हिस हाउस’ नावाचे समाजकेंद्र होते आणि त्याच्या आधाराने फ्रँक पार्सन्स यांनी जानेवारी १९०८ मध्ये ‘व्होकेशन ब्युरो’ सुरू केला. पार्सन्स स्वतः अभियांत्रिकी शिकलेले, पुढे शिक्षक, वकील आणि प्राध्यापक झालेले गृहस्थ असल्यामुळे चुकत-माकत व्यवसाय निवडण्याची किंमत त्यांना ठाऊक होती. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. व्यवसायनिवडीवरील त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. स्वतःची पारख, निरनिराळ्या कामांच्या अटी व संधी यांचे ज्ञान आणि या दोहोंची सांगड, अशी तीन अंगे त्यांनी मांडली. पहिल्या अंगासाठी त्यांनी शंभराहून अधिक प्रश्नांची यादी तयार केली, पण खरी अडचण दुसऱ्या अंगाची होती, कारण ते ज्ञान कोणत्याही ग्रंथालयात तयार ठेवलेले नव्हते. म्हणून पार्सन्स यांच्यानंतर ब्युरोने यंत्रकारागीर, बेकरीवाला, वास्तुविशारद अशा एकेका व्यवसायाची प्रत्यक्ष चौकशी करून पुस्तिका काढल्या. त्याच शहरात मुलींसाठीही अशा पुस्तिका निघाल्या आणि त्यांत टेलिफोन ऑपरेटरचे काम होते, म्हणजेच त्या काळचे अगदी नवे तंत्रज्ञान. ज्याला स्वतः कारखान्याच्या दारात जाता येत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी जाऊन यावे, ही त्यामागची भूमिका होती.

हीच भूमिका मुंबईत स्वातंत्र्याच्या आगेमागे रुजली. १९४१ मध्ये बाटलीबॉय यांच्या नावाचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र निघाले, १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आपले केंद्र सुरू करून ते डॉ. पेरीन मेहता यांच्याकडे सोपवले आणि १९५० मध्ये मुंबई सरकारने स्वतःचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र स्थापन केले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांतून मार्गदर्शनाची शिफारस केल्यावर ‘करिअर मास्टर’ ही नवी भूमिका पुढे आली. हा शाळेतलाच एक शिक्षक. त्याने थोड्या मुदतीचे प्रशिक्षण घेऊन मुलांना व्यवसायांची माहिती द्यावी, तक्ते लावावेत, जाणकारांची व्याख्याने ठरवावीत, अशी अपेक्षा असे. ही योजना सद्हेतूची आणि उपयोगाचीही होती. मात्र करिअर मास्टरला जे व्यवसाय ठाऊक होते ते डॉक्टर, वकील, ओव्हरसियर, कारकून असे आधीच स्थिरावलेले होते. ज्या व्यवसायाला अजून नावच नव्हते, त्याचा तक्ता लावणार कसा?

असा व्यवसाय त्याच सुमारास कुलाब्याच्या टोकाला आकार घेत होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीचा ‘टिफरॅक’ हा संगणक १९६० मध्ये पूर्ण स्वरूपात चालू झाला. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले आणि देशभरच्या संशोधकांची आकडेमोड त्यावर होऊ लागली. आज्ञावली, म्हणजे यंत्राला क्रमाने द्यायच्या सूचना, छिद्रे पाडलेल्या कार्डांवर उतरवावी लागे. कार्डांचा गठ्ठा यंत्राकडे सोपवावा, कागदावर छापून आलेल्या उत्तराची वाट पाहावी, चूक निघाली तर नेमके कार्ड बदलून पुन्हा रांगेत उभे राहावे, असा तो क्रम होता. हे काम करणारे कोणी भौतिकशास्त्राचे, कोणी गणिताचे, कोणी विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर होते. संगणकशास्त्राची स्वतंत्र पदवी भारतात अजून यायची होती. १९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली, तिला आकार देणारे फकीरचंद कोहली टाटांच्या वीजकंपनीतून आलेले होते. त्यामुळे ‘या कामासाठी काय शिकावे’ या विद्यार्थ्याच्या नेहमीच्या प्रश्नाला या लोकांच्या आयुष्यातून सरळ उत्तर मिळणे शक्य नव्हते. ते ज्या वाटेने आले ती वाट पुढच्यांसाठी उरणार नव्हती. मुलाखत घेण्याजोगे होते ते त्यांचे प्रत्यक्ष काम: दिवस कशात जातो, चूक कशी सापडते, कोणाशी बोलावे लागते.

त्या काळच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडथळा होता. संगणक म्हणजे नोकऱ्या खाणारे यंत्र, ही भावना साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे घरोघरी पोहोचली होती. तिची दखल घेऊन नेमलेल्या स्वयंचलनविषयक समितीचे अध्यक्षपद पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याकडे होते आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. कामगारांची भीती निराधार नव्हती. पण कारकुनी पेशाच्या मराठी मध्यमवर्गात मुलाने संगणकवाल्याकडे जाऊन चौकशी करावी, असे वातावरण तिच्यामुळे फारसे नव्हते. ज्यांच्या घरी कुलाब्याच्या संशोधन संस्थेतले किंवा तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातले कोणी येत-जात असे, त्यांनाच हे काम आतून दिसले.

अमेरिकेतही ओळखीचा हा प्रभाव संपलेला नव्हता. कॅलिफोर्नियातील शाळकरी स्टीव्ह जॉब्ज याने टेलिफोनच्या डिरेक्टरीतून नंबर काढून ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे एक संस्थापक बिल ह्यूलेट यांना फोन केला, सुटे भाग मागितले आणि पुढे त्यांच्या कारखान्यात सुट्टीतले कामही मिळवले, ही हकिकत बहुधा धिटाईचा नमुना म्हणून सांगितली जाते. परंतु तो मुलगा अभियंत्यांच्या शेजारात वाढत होता, त्यांच्यापैकी एकाकडून इलेक्ट्रॉनिक्स शिकला होता आणि ह्यूलेट यांचा नंबर जवळच्याच गावच्या डिरेक्टरीत होता, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन येथे तांत्रिक, व्यावसायिक व व्यवस्थापकीय नोकऱ्या बदललेल्या २८२ पुरुषांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ५६ टक्क्यांना नोकरी वैयक्तिक ओळखीतून कळली होती. ती माहिती देणारे मात्र जिवलग स्नेही क्वचितच असत. ते बहुधा अधूनमधून भेटणारे परिचित होते, कारण जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही आधीच ठाऊक असते. १९७३ मध्ये मांडलेला हा निष्कर्ष माहिती-मुलाखतीचे महत्त्व उत्तम रीतीने स्पष्ट करतो, कारण अनोळखी माणसाला परिचित करून घेण्याचीच ती रीत आहे. रिचर्ड बोल्स या नोकरी गमावलेल्या धर्मोपदेशकाने १९७० मध्ये स्वखर्चाने काढलेल्या मार्गदर्शक पुस्तकातून ही रीत पुढे लाखो वाचकांपर्यंत आणि महाविद्यालयांच्या मार्गदर्शन कक्षांपर्यंत पोहोचली.

महाराष्ट्रात चित्र बदलले ते ऐंशीच्या दशकापासून, आणि मुख्यतः पुण्यामुळे. १९८१ मध्ये तेथे टाटांचे संशोधन व विकास केंद्र निघाले, १९८८ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक हे प्रगत संगणन विकास केंद्र आले, १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला, आणि नंतर हिंजवडीच्या माळरानावर कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्या व्यवसायातले लोक एकेकाळी मुंबईच्या दोन-तीन संस्थांत मोजता येत होते, ते आता कोथरूडच्या सोसायट्यांतले शेजारी झाले. अभियांत्रिकी महाविद्यालयांत कंपन्यांशी संपर्क ठेवणारा ‘टीपीओ’, म्हणजे प्रशिक्षण व नोकरभरती अधिकारी, आला. तथापि त्याचा संबंध येतो तो कंपनीच्या मनुष्यबळ विभागाशी. आज्ञावली लिहिणाऱ्या, रात्रपाळीत सर्व्हर सांभाळणाऱ्या किंवा सॉफ्टवेअरची चाचणी घेणाऱ्या माणसाशी नव्हे. शिवाय परभणी किंवा गडचिरोलीच्या कला-वाणिज्य महाविद्यालयात तेवढाही दुवा नसतो. तेथील विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी माणूस सापडतो तो बहुतेक वेळा गावातून पुण्यास गेलेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या रूपाने. त्याची नावनोंदणी महाविद्यालयाने ठेवलेली असेल तर त्याचा फोन नंबर कचेरीत मिळतो. नसेल तर तो कोणाचा भाऊ, कोणाचा वर्गमित्र, याचा माग घरोघर काढावा लागतो, जसा गाळ्यातल्या माणसाचा पूर्वी काढावा लागे.