मराठेशाहीतील रुपये : प्रकार व पारख

मराठेशाहीतील रुपये : मराठी राज्याच्या व सरदारांच्या निरनिराळ्या टाकसाळींत अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाडलेली चांदीची नाणी. वजन, कस व छाप या तिन्ही बाबतींत ती मोगल रुपयाची अनुकरणे होत. मोगल रुपयाची परंपरा शेरशाह सूर (कार. १५४०–४५) याच्या सु. १७८ ग्रेन (सु. ११·५ ग्रॅ.) वजनाच्या ‘रुपय्या’पर्यंत मागे जाते. मराठी टाकसाळींचे रुपये सामान्यतः अकरा ग्रॅम किंवा त्याहून किंचित अधिक वजनाचे आढळतात. नाणी जमविणाऱ्या नवख्या व्यक्तीला ती सर्व सारखीच दिसतात. तथापि त्यांत डझनावारी प्रकार असून त्यांच्या दुर्मिळतेत, आणि म्हणून किमतीत, फार मोठे अंतर असते.

पेशव्यांच्या राजधानीत पाडलेल्या रुपयावर पेशव्यांचे किंवा छत्रपतींचे नाव नसते, ही गोष्ट पुष्कळांना चमत्कारिक वाटते. त्यावर बहुधा दिल्लीचा बादशाह दुसरा शाह आलम (कार. १७५९–१८०६) याचे किंवा त्याच्या आधीच्या बादशाहाचे नाव फार्सीत असते. याचे कारण राजनिष्ठेपेक्षा बाजारात शोधणे अधिक योग्य ठरेल. सैन्याचा पगार, सावकारी देणे-घेणे आणि दूरच्या प्रांतांशी होणारा व्यापार या सर्वांना ओळखीच्या छापाचे नाणे हवे असे. अनोळखी छापाच्या नाण्याला सराफ कमी भाव देत. यशवंतराव होळकराने शके १७२८ मध्ये (१८०६) इंदूरला संस्कृत मजकुराचा रुपया पाडला, तो या रीतीला ठळक अपवाद होय. इतरत्र जुनाच मजकूर चालू राहिला. इंग्रजांनीही तोच मार्ग पत्करला व बंगालमध्ये शाह आलमच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीस वर्षे त्याच्या नावाचे रुपये पाडले. तेव्हा नाण्यावरील बादशाहाच्या नावावरून ते कोणी व केव्हा पाडले, हे ठरविता येत नाही.

ते ठरविण्याची साधने मुख्यतः तीन : टाकसाळीचे नाव, साल आणि चिन्ह. मागील बाजूवर ‘जुलूस मैमनत मानूस’ या ठराविक शब्दांसह बादशाहाचे राज्यवर्ष आणि ‘जर्ब’ (पाडले) या शब्दाजवळ टाकसाळीचे नाव असते. हिजरी साल असल्यास ते बहुधा दर्शनी बाजूवर येते. अडचण अशी, की ठसा हा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे एका नाण्यावर मजकुराचा काही भागच उमटतो आणि टाकसाळीचे नाव अनेकदा काठाबाहेर जाते. अशा वेळी मजकुरात कोठेतरी बसविलेले लहानसे चिन्ह हाच आधार उरतो. जुने सराफही फार्सी न वाचता चिन्हावरूनच नाणे ओळखत आणि रुपयांची लोकप्रचलित नावेही त्यांवरून किंवा गावावरून पडली.

यांपैकी सर्वांत परिचित नाव ‘अंकुशी’ रुपयाचे. हत्तीच्या अंकुशाचे चिन्ह असलेला हा रुपया पुण्याच्या टाकसाळीचा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यावर पुण्याचे नाव ‘मुहियाबाद’ असे येते. हे नाव औरंगजेबाने १७०३ च्या सुमारास पुण्याला दिले होते. त्याचे राज्य दख्खनमधून गेले, पण पेशव्यांच्या नाण्यावर त्याने ठेवलेले नाव टिकले. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनीही हा रुपया सु. १८३४ पर्यंत पुण्यास पाडणे चालू ठेवले. या उत्तरकालीन अंकुशी रुपयांवर फसली सन असतो. तो हिजरी समजून वाचल्यास नाण्याचा काळ पाच-सहा वर्षांनी चुकतो, उदा., हिजरी १२३४ म्हणजे १८१८–१९, तर दक्षिणेतील फसली १२३४ म्हणजे १८२४–२५. पहिले वाचन पेशवाईच्या अखेरचे, दुसरे कंपनी सरकारचे. ‘पेशवेकालीन’ म्हणून विकला जाणारा अंकुशी रुपया प्रत्यक्षात इंग्रजी अंमलातील असण्याचा संभव बराच असतो. दुसरा घोटाळा अंकुशाच्या चिन्हाचा. मराठ्यांच्या ताब्यात असताना अहमदाबादेस पाडलेल्या रुपयांवरही अंकुश आढळतो. म्हणून केवळ अंकुश दिसला, की नाणे पुण्याचे, असे म्हणता येत नाही. टाकसाळीच्या नावातील एखाद-दुसरे अक्षर तरी स्पष्ट दिसले पाहिजे.

नासिकजवळील चांदवड येथील होळकरांच्या टाकसाळीतून ‘चांदवडी’ (चांदोरी) रुपया निघे. त्यावर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे नाव असते. १८१८ मध्ये तो मुलूख इंग्रजांकडे गेल्यावरही ही टाकसाळ १८३० च्या सुमारापर्यंत चालू होती व खानदेश-नासिक भागात हा रुपया सर्रास चाले. नासिकच्या रुपयावर त्या शहराचे मोगलकालीन नाव ‘गुलशनाबाद’ येते. माळव्यातील होळकरांच्या मल्हारनगर (इंदूर) रुपयावर सूर्यमुख, तर महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग व बेलाचे पान असते. बडोद्याच्या गायकवाडांनी वक्र तलवारीचे चिन्ह वापरले आणि फार्सी मजकुरातच राज्यकर्त्याची नागरी आद्याक्षरे घातली, त्यामुळे ती नाणी ओळखण्यास त्या मानाने सोपी जातात. झांशीचा रुपया ‘बलवंतनगर’ या नावाने ओळखावा लागतो.

प्रकार ओळखण्याची गरज त्या काळी संग्राहकाला नव्हे, तर सामान्य रयतेला होती. प्रत्येक रुपयाचा कस व झीज वेगळी असल्याने एका प्रकारचा रुपया देऊन दुसऱ्या प्रकारचा घेताना ‘बट्टा’ द्यावा लागे. म्हणूनच खतपत्रांत व वसुलाच्या कागदांत रुपये कोणत्या छापाचे, हे नमूद केलेले असते. बंगालमध्ये तर नव्या सालाचा ‘सिक्का’ रुपया दुसऱ्या वर्षी शेकडा तीन आणि त्यानंतर शेकडा पाच टक्के कमी किमतीचा धरला जाई. हा उपद्रव थांबविण्यासाठी कंपनीने तेथे शाह आलमचे १९ वे राज्यवर्षच नाण्यावर कायम ठेवले. त्यामुळे १७९३ नंतरच्या या रुपयांचा काळ साल पाहून कळत नाही, कड पाहून कळतो : आरंभीच्या नाण्यांच्या कडेवर तिरप्या रेषा, १८१९ पासून उभ्या, तर १८३० नंतर कड साधी. महाराष्ट्रात खाजगी सोनार-सराफांना मक्त्याने टाकसाळी दिल्यामुळे हिणकस नाण्यांचा प्रश्न वारंवार निर्माण होई. थोरल्या माधवराव पेशव्याच्या काळात कर्नाटकातील अशा टाकसाळी बंद करून धारवाडला सरकारी टाकसाळ घालण्यात आली. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९९ मध्ये मराठ्यांचे चलन व टाकसाळी यांवर लिहिलेला निबंध या विषयाच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. १९८९ मध्ये माहेश्वरी व विगिन्स यांचा टाकसाळवार ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून मात्र प्रकार निश्चित करण्याचे काम पुष्कळच सुकर झाले.

१८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा व बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा एकच रुपया ठरविण्यात आला. त्यानंतर जुने रुपये मोठ्या प्रमाणावर वितळविले गेले. कोणता प्रकार आज किती मिळतो, हे तो किती जुना आहे यापेक्षा तो किती पाडला गेला व किती वितळला यांवर अवलंबून आहे. अडीचशे वर्षांचा एखादा रुपया चांदीच्या भावापेक्षा थोड्याच अधिक किमतीला मिळतो, याचे कारण हेच.

विकत घेणाऱ्याची फसवणूक बहुधा दोन प्रकारे होते. एक, सामान्य नाण्याला दुर्मिळ टाकसाळीचे नाव चिकटवून. दुसरा, सरळ बनावट नाणे देऊन. शिवछत्रपतींची सर्वमान्य नाणी म्हणजे सोन्याचा होन व तांब्याची शिवराई. त्यांच्या नावाचा ‘चांदीचा रुपया’ विकावयास आला, तर तो संशयास्पदच समजावा. राम-सीता, हनुमान किंवा लक्ष्मी यांची चित्रे आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी’ ही अक्षरे असलेली १६१६, १७१७ वा १८१८ सालांची ‘नाणी’ कंपनीने कधीही पाडली नव्हती. ती अलीकडची कारागिरी असून त्यांना चलन म्हणून काडीचीही किंमत नाही. रामटंका ही धार्मिक मुद्राही चलन नव्हे.

खऱ्या रुपयावर ठोक्याचा ठसा असल्याने अक्षरांच्या कडा धारदार असतात. ओतीव नकलेत त्या बोथट, पृष्ठभागावर बारीक छिद्रे व कडेला साच्याची रेघ दिसते. वजन तर पाहावेच. शिवाय हवेतील व पाण्यातील वजनांवरून घनता काढल्यास (शुद्ध चांदी १०·४९, तांबे ८·९६) मुलामा दिलेले तांबे उघडे पडते. कडी झाळल्याची खूण असल्यास तो रुपया दागिन्यात वापरलेला असतो व संग्राह्य म्हणून त्याची किंमत घटते. सराफांनी कस पाहण्यासाठी मारलेल्या पंचाच्या वा छिन्नीच्या खुणांचेही तसेच. एके काळी त्या खुणांनी नाण्याची पत वाढे, आज त्या दोष ठरतात. जुने नाणे चिंच, राख किंवा पावडर लावून घासू नये. काळपट थर गेल्यावर छापाची बारीक रेखाही झिजते. उजळ पण टाकसाळीचे नाव नसलेल्या नाण्यापेक्षा थोडे झिजलेले व नाव स्पष्ट असलेले नाणे अभ्यासकाच्या दृष्टीने केव्हाही सरस होय.

प्रत्यक्ष नाणी पाहून डोळा तयार होतो तसा छायाचित्रांवरून होत नाही. त्यासाठी नासिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे (स्थापना १९८०) संग्रहालय उपयुक्त आहे. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही आणि पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. जमिनीत पुरलेली नाणी सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक असते. म्हणून ‘शेतात सापडलेली’ अशी ओळख करून देऊन विकावयास आणलेली नाणी घेऊ नयेत.