सप्टेंबर १९४८ आणि आत्याबाईंची पाठ

आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना सप्टेंबर १९४८ म्हटलं की एकच गोष्ट आठवते. १३ तारखेला पोलीस ॲक्शन सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला आणि आमचं हिंगोली (तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका) मोकळं झालं.

त्यानंतर चारच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला 'कंपाउंड ई' टोचलं. आठवड्याच्या आत बाई हिंडू-फिरू लागली! हेच कॉर्टिसोन. १९५० चं नोबेल हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना मिळालं.

पण धोक्याची घंटा आधीच वाजली होती. १९३२ मध्येच हार्वे कुशिंग यांनी एक आजार वर्णिला होता: चेहरा गोल, पोट सुटलेलं आणि हाडं ठिसूळ. याच जातीचं संप्रेरक अंगात जास्त झालं की असं होतं, हे पुढे कळलं. मग बाहेरून दिलं तरी तेच होणार ना? हाडं म्हणजे काही दगड नव्हेत. ती रोज थोडी झिजतात, रोज थोडी भरतात. स्टेरॉइडमुळे भरणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियमही कमी शोषलं जातं. पहिल्या काही महिन्यांतच झीज सर्वात जास्त होते, आणि पाठीचे मणके आधी खचतात. त्यात मूळ आमवातही हाडं पोखरतोच.

आमच्या कळमनुरीकडच्या आत्याबाई कित्येक वर्षं सांधेदुखीवर एक बिननावाची पुडी घ्यायच्या. "लई गुण येतो रे," म्हणायच्या. चेहरा गोल झाला, तेव्हा सगळे म्हणाले, तब्येत सुधारली! मग एक दिवस घागर उचलताना मणका दबला. पुडीत काय होतं, ते आम्हाला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

आता दुसरी बाजू. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव १९४८ च्या ऑगस्टमध्येच अमेरिकेत वारले. लेडर्ले कंपनीत त्यांच्या हाताखाली घडलेलं मेथोट्रेक्सेट हे मूळचं कॅन्सरचं औषध. १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला आमवातासाठी मान्यता मिळाली. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या या गोळीमुळे अनेकांचं स्टेरॉइड कमी करता आलं. (रोज घेतली तर मात्र जिवावर बेतू शकतं!)

असो. स्टेरॉइड वाईट नाही. नेमक्या वेळी, नेमक्या मात्रेत ते सांधे आणि कधी जीवही वाचवतं. ते एकदम बंद करणंही धोक्याचं, कारण शरीर स्वतःचं संप्रेरक बनवायचं विसरलेलं असतं. पण तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल, तर हाडांच्या तपासणीचं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचाराच.

मंडळी, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांच्या उशाखालची पुडी बघा. तिच्यावर नाव नसेल, तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा.