लेबर, मजुरी आणि श्रमदान

'उद्या लेबर मिळेल का?' हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यातील कोणत्याही बांधावर कानी पडतो. इंग्रजांनी श्रमाला दिलेले नाव आम्ही श्रम करणाऱ्या माणसालाच देऊन टाकले. जिल्ह्याच्या गावी 'लेबर रूम' असते, ती बाळंतिणीची. आणि 'लेबर कोर्ट' असते, ते मालक-कामगारांच्या तंट्याचे.

सेमिनरीत लॅटिनचे धडे गिरविताना 'लाबोर' म्हणजे कष्ट, एवढेच आम्ही घोकले होते. प्रसूतीच्या कळा आणि शेतातला घाम यांना इंग्रजीने एकाच शब्दात का बसवावे, याचे तेव्हा नवल वाटे. पुढे लक्षात आले, की उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात हव्वेच्या वेदनांसाठी आणि आदामाच्या कष्टांसाठी मूळ हिब्रूतही 'इत्साबोन' हा एकच शब्द आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांचे १९८१ चे श्रमविषयक परिपत्रक लॅटिनमध्ये 'लाबोरेम' या शब्दाने सुरू होते. इंग्रजी मथळ्यात मात्र 'लेबर' नाही, 'वर्क' आहे. भाषांतरकारांनाही तो शब्द जड गेला असावा.

आपल्या मराठीने हे सारे एका शब्दात कोंबले नाही. कळा वेगळ्या, कष्ट वेगळे, मजुरी वेगळी. संस्कृत 'विष्टि'पासून आलेली वेठ आणि फारसीतून आलेली बिगार यांत तर मोबदल्याचा प्रश्नच नव्हता. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'स्वतंत्र मजूर पक्ष' काढला, तेव्हा मजूर हा शब्द प्रथमच ताठ मानेने सभागृहाच्या पायऱ्या चढला, असे आम्हांस वाटते.

नगरजवळच्या हिवरे बाजारचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास या शब्दांच्या आधारे वाचता येतो. पर्जन्यछायेतले हे गाव. पाऊस बहुधा चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर माणसे खडी फोडावयास बसली, त्यांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागेल त्याला काम हा हक्क झाला, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही हिवऱ्याची माणसे पोटासाठी शहरांकडे जातच राहिली. डोंगर उघडे पडले होते, गावात दारू शिरली होती. आणि घरचा शेतकरी परक्या गावी 'लेबर' झाला होता.

१९८९-९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. उच्चशिक्षित तरुण, क्रिकेटपटू. १९९४ साली राज्याची आदर्श गाव योजना आली. तिच्या पंचसूत्रीत नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांच्याबरोबर श्रमदानही होते. त्याच डोंगरउतारावर दोन प्रकारचे श्रम झाले : समतल चर आणि बंधारे यांचे काही काम मस्टरवर, मजुरी घेऊन, काही मस्टरबाहेर, दान म्हणून. १९९५ साली येथील १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. १९९८ साली ती ५३ उरली. बाहेर गेलेली कुटुंबे परतू लागली. २०२० साली श्री. पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

'श्रमदान' या शब्दाविषयी मात्र आमच्या मनात एक शंका कायम आहे. ज्याच्याकडे विहीर आहे त्याने दिलेला घाम पाणी होऊन त्याच्याच विहिरीत परततो. भूमिहीनाचा घाम कोणाच्या विहिरीत उतरतो? त्याला गावात बारमाही मजुरी मिळू लागली, हे उत्तर खरे आहे, पण ते पुरते नाही. दान जर ग्रामसभेच्या दबावाने द्यावे लागले, तर ते वेठीच्या फार जवळ जाते. पूर्वीची सावड या बाबतीत अधिक स्वच्छ होती : आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. हिशेब कोणी लिहीत नसे, पण विसरतही नसे.

लिहिण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या धर्मग्रामातील बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवहीत बापाच्या व्यवसायासाठी रकाना आहे, आणि पानोपानी तेथे 'मजूर' असे लिहिलेले आहे. आईच्या नावापुढे रकानाच नाही. एकदा नोंद करताना आम्ही एका बाईंना सहज विचारले, "आपण काय करता?" पहाटे पाणी भरून, दिवसभर खुरपणी करून, सव्वा महिन्याचे बाळ कडेवर घेऊन त्या आल्या होत्या.

"काही नाही, फादर," त्या म्हणाल्या. "घरीच असते."