गोठणारा पाऊस आणि दुसरी चूल

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नवा भाग लिखित स्वरूपात. आजची गोष्ट आहे जानेवारी १९९८ची, कॅनडातल्या क्युबेक प्रांताची.

हिवाळी वादळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो भुरभुरणारा बर्फ. क्युबेकवाल्यांना त्याचं काही विशेष नाही. फावडं घ्यायचं, दारासमोरचा रस्ता मोकळा करायचा, कामाला लागायचं. पण ५ जानेवारीपासून तिथं जे पडायला लागलं तो बर्फ नव्हता, पाऊस होता. गोठणारा पाऊस.

हे होतं कसं? वरच्या हवेत उबदार थर असतो, त्यात बर्फ वितळून पाणी होतं. जमिनीलगत मात्र शून्याखालच्या थंड हवेचा पातळ थर असतो. थेंब त्यातून खाली येताना अतिथंड होतो, पण द्रवच राहतो. तार, फांदी, छप्पर, ज्याला शिवेल त्यावर क्षणात काच चढवतो. असा पाऊस एरवी काही तासांत थांबतो. त्या वर्षी तो थांबत-थांबत १० तारखेपर्यंत पडत राहिला. मॉन्ट्रियलच्या दक्षिणेला काही ठिकाणी एकूण १०० मिलिमीटरच्या आसपास.

तारांवर बर्फाचा जाडजूड थर चढला. एक मनोरा कोसळला की तारांचा ताण एकाच बाजूला जायचा आणि शेजारचा मनोरा ओढला जायचा. मग त्याच्या शेजारचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ‘कॅस्केडिंग फेल्युअर’ म्हणतो, ते इथं चक्क पोलादात घडलं. हजाराहून अधिक मोठे मनोरे आणि सुमारे ३०,००० लाकडी खांब आडवे झाले. एकट्या क्युबेकमध्ये जवळपास १४ लाख वीजग्राहक अंधारात गेले, म्हणजे ३० लाखांच्या आसपास माणसं. ९ जानेवारीला मॉन्ट्रियलच्या जलशुद्धीकरण केंद्रांचीच वीज गेली आणि शहरात फक्त काही तासांचं पाणी उरलं.

आता खरा प्रश्न. थंडीची इतकी सवय असलेला प्रांत एवढा हतबल का झाला?

उत्तर घरांच्या इतिहासात आहे. शंभर वर्षांपूर्वीचं क्युबेकचं शेतघर हिवाळ्यासाठी स्वयंपूर्ण असायचं. उन्हाळ्यातच लाकूड फोडून रचलेलं, तळघरात बटाटे, बरण्यांत टिकवलेलं अन्न, मधोमध लोखंडी चूल. वादळ आलं तर आठवडाभर दार लावून बसायची सोय. पुढे प्रांतानं मोठमोठी धरणं बांधली, वीज मुबलक आणि स्वस्त झाली. १९७३च्या तेलसंकटानंतर तर लोकांनी तेलाची भट्टी काढून विजेचे हीटर बसवले. निर्णय शहाणपणाचा होता: धूर नाही, परकीय तेल नाही. पण उष्णता, दिवे, स्वयंपाक, गरम पाणी, सगळं एकाच तारेवर आलं. ज्यांच्याकडे गॅसची भट्टी होती त्यांचेही हाल झाले, कारण गरम हवा घरभर फिरवणारा पंखा विजेवरच चालतो ना!

माँटेरेजी भागातल्या एका पट्ट्याला लोक ‘काळा त्रिकोण’ म्हणू लागले. तिथल्या काही घरांत वीज परतायला पाच आठवडे लागले. सुमारे १६,००० सैनिक मदतीला उतरले. शाळा-सभागृहांत निवारे उघडले. बूशेरव्हिल या गावात तर रेल्वेचं डिझेल इंजिन रुळावरून उतरवून रस्त्यानं नेलं आणि त्याच्या जनरेटरवर नगरपालिकेची इमारत चालवली. दुग्धव्यावसायिकांची वेगळीच अडचण होती. धार काढायची यंत्रं बंद पडली, पण गाय काही वीज येईपर्यंत थांबत नाही. मग एकच जनरेटर गोठ्यागोठ्यांतून फिरवत शेतकऱ्यांनी जनावरं वाचवली. दूध मात्र लाखो लिटर ओतून द्यावं लागलं.

कॅनडात या वादळानं अनेकांचा जीव घेतला. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की सगळे थंडीनं गेले नाहीत. काही जण ऊब मिळवण्याच्या धडपडीत गेले. घरात आणलेला बार्बेक्यू, गॅरेजमध्ये लावलेला जनरेटर, आणि कार्बन मोनॉक्साइड. या वायूला ना वास, ना रंग. आपल्याला हे परकं वाटायला नको. उत्तर भारतात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या जवळजवळ दर हिवाळ्यात येतात.

यातून काय बदललं? वीजमंडळानं ठरावीक अंतरावर जास्त मजबूत मनोरे उभारले, म्हणजे पडझड तिथंच अडेल. आणि पुढे कॅनडा सरकारनं घराघरांत एक आकडा पोचवला: ७२ तास. तीन दिवस कुणाच्याही मदतीशिवाय काढता येतील एवढी तयारी. पिण्याचं पाणी, न शिजवता खाता येणारे डबे आणि ते उघडायचं साधन, बॅटरी, रेडिओ, औषधं, रोख पैसे. कार्ड अंधारात चालत नाही, हे १९९८नं शिकवलं होतं.

अशीच गोष्ट फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासमध्ये घडली. ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी अनेकांनी ती अनुभवली असेल. तिथं घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, पाण्याचे पाइप अनेकदा माळ्यावरून नेलेले. ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली, पाइप गोठून फुटले, आणि राज्याच्या अधिकृत नोंदीनुसार २४६ माणसं गेली. कार्बन मोनॉक्साइडनं पुन्हा तोच घात केला.

म्हणून थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी घराला चार प्रश्न विचारावेत. वीज गेली तर कुठली एक खोली उबदार ठेवता येईल? धुराडं असलेली, वीज न लागणारी दुसरी चूल आहे का? पाण्याचा मुख्य कॉक कुठं आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे का? आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म आहे का? जनरेटर असेल तर तो बाहेरच, दारं-खिडक्यांपासून चांगला लांब. गॅरेजचं दार उघडं ठेवलंय ही सबब चालत नाही.

आजीच्या काळी हे सगळं ‘बेगमी’ या एका शब्दात मावायचं. त्या काळच्या घरांना पर्याय नव्हता म्हणून ती तयार असायची. आपल्याला पर्याय आहेत, म्हणून तयारी आठवणीनं करावी लागते.