फॉन्टचे बारसे

एकाच मुलाला घरी बंड्या म्हणतात आणि शाळेच्या पटावर तो पुरुषोत्तम असतो. जन्मभर हजेरी घेतल्यामुळे मला यात काही वावगे वाटत नाही. संगणकाला मात्र अशी दोन नावे फार काळ पचली नाहीत, आणि त्याचा भुर्दंड सर्वांत जास्त भरला तो जपान्यांनी.

१९९३ साली विंडोज ३.१ ची जपानी आवृत्ती आली. तिच्याबरोबर मिंचो आणि गॉथिक हे दोन फॉन्ट आले. मिंचो म्हणजे चीनच्या मिंग घराण्याच्या नावाने ओळखले जाणारे अक्षरवळण; जपानी पुस्तके बहुधा त्यातच छापतात. फॉन्टचे नाव अर्थातच जपानी लिपीत होते. त्याआधी 'एमएस' ही दोन रोमन अक्षरे, पण तीही साधी नव्हेत, चिनी-जपानी अक्षराएवढी रुंद! मधली मोकळी जागा मात्र अरुंद. नाव हाताने टाइप करताना ती जागा रुंद पडली, तर संगणकाच्या लेखी तो फॉन्टच निराळा.

ट्रूटाइप फॉन्टच्या फायलीत नावांचा एक तक्ता असतो. एकाच फॉन्टची निरनिराळ्या भाषांतली नावे त्यात लिहिता येतात. सोय चांगली होती. जपानी विंडोज जपानी नाव दाखवी, इंग्रजी विंडोज रोमन नाव दाखवी. पण आपण लिहिलेल्या मजकुराच्या फायलीत सहसा फॉन्ट नसतो, त्याचे फक्त नाव असते. तोक्योतून लंडनला गेलेली फाईल जपानी नावाने हाक मारी, आणि तिथल्या यादीत तर रोमन नाव! वेबपाने तयार करणारे जपानी लोक त्यामुळे एकाच फॉन्टची दोन्ही नावे एकापुढे एक लिहून ठेवत.

त्यात आणखी एक गोम होती. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण घरोघरी चालणाऱ्या विंडोज ९५ आणि ९८ चा कारभार मुख्यतः देशोदेशीच्या सांकेतिक तक्त्यांवर चाले. जपानचा तक्ता शिफ्ट-जिस. त्यात मिंचोचे ते नाव नऊ बाइटचे होते. तेच नऊ बाइट पश्चिम युरोपच्या तक्त्याने वाचले की काय दिसे? खाली टेकलेले अवतरणचिन्ह, 'एल', पुन्हा तेच चिन्ह, 'आर', मोकळी जागा, आडवी रेघ, पाऊणचे चिन्ह, अपॉस्ट्रॉफी आणि शेवटी वर्तुळातला कॉपीराइटचा 'सी'. असल्या गोंधळाला जपानीत 'मोजिबाके' म्हणतात. अक्षरांनी रूप पालटणे, असा त्याचा अर्थ. फॉन्टच्या यादीत हे भूत पाहून कोणाला मिंचो आठवणार?

तरी जपान्यांचे एक बरे होते. नाव बिघडले तरी मजकुराचे संकेत शाबूत असत. दुसरा जपानी फॉन्ट लावला की ओळी थोड्या हलत, पण वाचता येई.

आपले उलटे झाले. आपल्या फॉन्टची नावे रोमनमध्येच ठेवली गेली, त्यामुळे नावाचा घोळ झालाच नाही. पण कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. 'क' कुठल्या कळीवर, हे प्रत्येकाचे वेगळे. म्हणजे फाईल उघडल्यावर मजकूर कोणता हे सांगणारी एकच गोष्ट, फॉन्टचे नाव! ते पुसले गेले, की उरतो इंग्रजी अक्षरांचा कचरा. एका शाळेच्या वार्षिकांकाच्या अशा फायली मी पाहिल्या आहेत. मुलांच्या कविता आहेत, एवढे ओळींच्या लांबीवरून कळते. कोणत्या मुलाची कोणती, ते कळत नाही.

रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखलेला 'मंगल' विंडोज २००० बरोबर आला आणि निदान नव्या मजकुराची ही चिंता गेली. असो. जपानी नावाचे दुखणेही युनिकोड रुळल्यावर बरेच ओसरले. आता बहुतेक प्रोग्राम दोन्ही नावांना ओ देतात. पण फॉन्टच्या पोटात पोस्टस्क्रिप्टसाठी आणखी एक नाव असते, आणि ते आजही साध्या रोमन अक्षरांतच लिहावे लागते, फॉन्ट जपानी असो वा मराठी. 'मंगल' तर आमच्या यादीतही रोमनमध्येच दिसतो. अक्षरे देवनागरी, नाव मात्र पटावरचे.