“बारा जणी आहोत, जागा आहे का?”



मागच्या महिन्यात शनिवार-रविवार जोडून आम्ही गटातल्या बारा जणी कोल्हापूरला गेलो होतो. लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, प्रशिक्षणही नव्हतं. नुसतं फिरायला. पहिल्या दिवशी अंबाबाई आणि रंकाळा, दुसऱ्या दिवशी पन्हाळा. एसटीला अर्धं तिकीट आणि मुक्काम एका मैत्रिणीच्या बहिणीकडे. शिदोरी कुणी बांधायची यावरून मात्र बैठकीत वाद झाला. पहाटे तीनला उठून बारा जणींच्या भाकऱ्या कोण थापणार? शेवटी ठरलं, या वेळी शिदोरी नाही, बाहेर जेवायचं. आधी फोन करून टेबल राखून ठेवायची आपल्याला सवय नाही. जिथं जागा मिळेल तिथं बसायचं.

वाटेत एका हॉटेलात शिरलो. गल्ल्यावरच्या माणसानं आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागं पाहिलं आणि विचारलं, “सोबत गडीमाणूस कोण हाय का?”

आमच्यातल्या आक्का साठी ओलांडलेल्या. त्या म्हणाल्या, “बिल द्यायला गडीच लागतो व्हय?”

तो हसला, पण आम्हाला मागच्या खोलीत पाठवलं. तिथं पंखा नव्हता. पुढं चार टेबलं रिकामी होती. आम्ही जेवलो, पैसे दिले आणि निघालो. आक्का बसमध्ये हळूच म्हणाल्या, “माझ्या जन्मात मी आज पयल्यांदा हाटेलात बसले, ती बी मागच्या खोलीत.”

ते ऐकून आम्ही सगळ्याच गप्प झालो. परत आल्यावर आम्ही हा विषय धरून ठेवला. वाचनालयातली पुस्तकं काढली, जाणत्या माणसांना विचारलं. हॉटेलात कुणी बसायचं आणि कुणी नाही, हे आपल्याकडे कसं ठरत आलं? त्याचीच गोष्ट आज सांगतो.

बाई प्रवास करत नव्हती, असं मुळीच नाही. पंढरीची वारी, जत्रा, माहेर-सासर, सगळीकडे ती चालत आणि बैलगाडीतून जातच होती. पण जेवण तिच्या सोबतच असायचं. फडक्यात भाकरी-चटणी, मुक्कामाला तीन दगडांची चूल. सोवळं पाळणाऱ्या घरांत तर दुधात पीठ मळून दशम्या करत. पाण्यात मळलेली पोळी प्रवासात चालत नसे, दशमी चाले. परक्याच्या हातचं खाल्लं तर जात बाटते, ही भीती त्यामागं होती. म्हणजे शिदोरी ही नुसती सोय नव्हती, तो एक नियमही होता.

हा नियम किती कडक होता पाहा. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी मोठी मंडळी गेली होती. तिथं ख्रिस्ती लोकांनी चहा-बिस्किटं पुढं केली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता हाती धरला. ही नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि गावात वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्ताची भाषा झाली. एका कप चहापायी! मोठ्या पुरुषांची ही गत, तर बाईनं बाहेर काही तोंडात घालणं दूरच.

पण तोवर काळ पालटत होता. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली. मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या. कोकणातून, साताऱ्याकडून पुरुष कामाला गेले आणि बायका-पोरं गावी राहिली. या एकट्या पुरुषांना दोन वेळचं जेवण हवं होतं, म्हणून खानावळी निघाल्या. याच सुमारास इराणमधून आलेल्या लोकांनी मुंबई-पुण्यात चहाची हॉटेलं काढली. इराण्याच्या हॉटेलात कुठल्याही जातीचा, धर्माचा माणूस येऊन बन-मस्का खाऊ शके. कितीतरी इराणी हॉटेलांत बायका आणि कुटुंबांसाठी लाकडी आडोसा करून ‘फॅमिली रूम’ असे. त्या काळी तो मोठाच आधार होता. घरची बाई बाहेर बसून चहा पिऊ शकते, ही सोय तिथं झाली. पण आडोसा तो आडोसाच. कुटुंबाबरोबर आलेली बाई आत, आणि एकटी आलेली बाई? तिच्यासाठी पाटी नव्हती. आमची ती बिनपंख्याची खोली त्याच फॅमिली रूमची नात म्हणायची.

आता कोल्हापूरचीच एक गोष्ट. शंभर वर्षांपूर्वी दलित माणसाला हॉटेलात आत बसू देत नसत. चहा बाहेर, वेगळ्या कपात, आणि तो कप त्यानंच धुवायचा. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याला हात लावला म्हणून त्यांना वरच्या जातीच्या नोकरांनी मारहाण केली. महाराजांना हे कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिलं. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं. पण दलिताच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावू लागले. राजा पितो म्हटल्यावर बाकीच्यांना तोंड फिरवणं अवघड झालं.

पण दर गावात शाहू महाराज कुठून येणार? 1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या सत्याग्रहात बायकाही होत्या. तळं सार्वजनिक असेल तर ते सगळ्यांचं, एवढीच मागणी होती.

पुढं तीच मागणी राज्यघटनेत आली. मैत्रिणींनो, आपल्या घटनेत हॉटेलचा उल्लेख आहे, हे आम्हालाही आधी माहीत नव्हतं. 26 जानेवारी 1950 पासून घटना लागू झाली. तिचं पंधरावं कलम सांगतं की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणालाही दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात जायला अडवता येणार नाही. त्याच कलमात विहिरी, तलाव, घाट आणि रस्तेही आहेत. म्हणजे महाडचं तळं आणि चहाचं हॉटेल एकाच कलमात बसलं. आणि त्या यादीत ‘लिंग’ हा शब्द आहे, म्हणजे बाई म्हणून दारातून परत पाठवणंही त्यात आलं. पुढं 1955 साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला. हॉटेलात जाऊ न देणं किंवा तिथली भांडी वापरू न देणं हा गुन्हा ठरला. वेगळ्या कपबशीला कायद्यानं बंदी आली. काही गावांत ती कपबशी त्यानंतरही टिकली, हे आपल्यातल्या जुन्या बायका सांगतील.

कायदा झाला, तरी बाई हॉटेलात बसली का? ती होती चुलीपाशी. मुंबईच्या गिरणगावात शेकडो बायका आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत खानावळ चालवत. पहाटे उठून डबे भरायचे, महिनाअखेर पैसे घ्यायचे. गिरणीत संप झाला की कामगाराचे पैसे थांबत, पण वाण्याचं देणं थांबत नसे. मग सावकार. घरात ‘ती काय, जेवण करते’ एवढीच तिची किंमत. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि सावकाराचा फास सैल केला. आज आपले बचत गट जे करतात, त्याची पायवाट या खानावळवाल्यांनी पाडली. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, तेव्हाही कितीतरी घरं बाईच्या पोळपाटावर तगली.

म्हणजे सगळ्या गावाला जेवू घालणारी बाई लोकांना चालत होती. तीच बाई पैसे देऊन निवांत जेवायला बसली की खटकत होती. त्या गल्ल्यावरच्या माणसाचा प्रश्न इतका जुना आहे.

मग एसटी आली. 1 जून 1948 ला पहिली गाडी पुणे आणि अहमदनगरच्या दरम्यान धावली. मार्च 2023 पासून बायकांना एसटीला निम्मं भाडं झालं. आपण मैत्रिणी-मैत्रिणी निघायला लागलो, त्याला हे एक मोठं कारण आहे. गाडी मिळाली. आता जेवायची जागा मिळवायची.

कोल्हापुरात आम्ही ती मिळवली, तेही सांगतो. शनिवारी दुपारी नावाजलेल्या हॉटेलांबाहेर रांगा होत्या, नंबर लिहून घेत होते, तासाची बोली होती. आम्ही देवळाबाहेरच्या फुलवालीला विचारलं, “मावशी, तुम्ही कुठं जेवता?” तिनं गल्ली दाखवली. आत घरगुती खानावळ, फळ्यावर खडूनं भाज्या आणि थाळीचा भाव लिहिलेला, दोघी जावा चालवणाऱ्या. आम्ही विचारलं, “बारा जणी आहोत, जागा आहे का?” थोरली म्हणाली, “सहा जणी आत्ता बसा, सहा पाव तासानं. भाकरी तव्यावरची मिळेल.” गडीमाणूस कुणी विचारला नाही. दुसऱ्या दिवशी पन्हाळ्यावर बायका टोपल्या मांडून झुणका-भाकर विकत होत्या, तिथं जेवलो. आक्कांनी पैसे स्वतः मोजून दिले.

त्यातून आम्ही शिकलो ते असं. तिथं काम करणाऱ्या बाईला विचारावं. दीडची गर्दी टाळून बाराला जेवावं. मोठा गट असेल तर दोन पंगतींत बसायची तयारी ठेवावी. भाव आणि संडासाची सोय बसायच्या आधी विचारावी. आणि पुढं जागा रिकामी असताना मागं बसा म्हटलं, तर शांतपणे सांगावं, “आम्ही इथंच बसतो.”

आपल्यातले काही गट भोजनालय चालवतात. त्यांना आमची विनंती आहे. दारावर पाटी लावा की एकट्या बाईसाठीही इथं जागा आहे. आणि बाकीच्या गटांनी पुढच्या महिन्यात, तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी, सगळ्या जणींनी मिळून एकदा हॉटेलात चहा प्यावा. पुढच्या टेबलावर बसून. ज्या मावशी-काकू आजवर कधी बसल्या नाहीत, त्यांना आधी बसवा.

येतो आम्ही. नमस्कार.