ऐच्छिक विषय : इच्छा कोणाची?

जून महिन्यात प्रवेश सुरू झाले की मराठी विभागाच्या दारात एक प्रश्न हमखास येऊन उभा राहतो : "सर, हा पेपर स्कोरिंग आहे का?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कसलाही अपराधभाव नसतो, आणि तो असावा असे आम्हांलाही वाटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही सुरू झाली आणि विद्यार्थ्यापुढे निवडीचा एक लांबलचक तक्ताच आला. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले वैकल्पिक विषय, कौशल्याधिष्ठित विषय. वाणिज्य शाखेच्या मुलीने मराठी कवितेचा पेपर घ्यावा आणि मराठीच्या मुलाने बँकिंगचा, असा हा खुला कारभार आहे. प्रत्यक्षात मुले दोन गोष्टी विचारतात. गुण किती पडतात, आणि हजेरी घेतात का.

आम्ही काही दिवस स्टाफरूममध्ये नेहमीप्रमाणे यावर चिडचिड केली. 'आजकालची मुले' हे आमच्या व्यवसायाचे जुनेच पालुपद आहे. पण मग आमच्यापैकी एकाने सुचवले, की हा निवडीचा प्रकार ज्या देशातून आपल्याकडे आला तेथे त्याचे काय झाले ते आधी पाहू. पाहिले, आणि चिडचिड पुष्कळ कमी झाली. तिची जागा एका निराळ्या अस्वस्थतेने घेतली. तिच्याविषयी हे लेखन आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्वर्डमध्ये शिकणे म्हणजे लॅटिन, ग्रीक आणि गणित मुकाट्याने घोकणे. थोडीफार सवलत होती, पण मुख्य अभ्यासक्रम सर्वांना एकच. १८६९ साली चार्ल्स विल्यम एलियट हे अवघ्या पस्तीस वर्षांचे रसायनशास्त्रज्ञ तेथे अध्यक्ष झाले आणि पुढली चाळीस वर्षे त्या पदावर राहिले. त्यांचे म्हणणे साधे होते : माणसामाणसाच्या बुद्धीचा कल वेगळा असतो, आणि अठरा वर्षांच्या तरुणाला आपला कल ओळखता येतो, नसेल येत तर तो चुकून शिकेल. त्यांनी सक्ती एकदम उठवली नाही, वरून खाली एकेक पायरी काढून घेतली. १८७२ मध्ये शेवटच्या वर्षाची सक्ती गेली, १८७९ मध्ये तिसऱ्या वर्षाची, १८८४ मध्ये दुसऱ्या वर्षाची. १८९७ पर्यंत पहिल्या वर्षाचे इंग्रजी लेखन तेवढे सक्तीचे उरले. ग्रीकचे एक अक्षर न वाचता हार्वर्डचा पदवीधर होता येऊ लागले. त्या काळात ही गोष्ट किती धक्कादायक होती याची कल्पना करायची, तर पाणिनीचे नाव न ऐकलेला संस्कृतचा शास्त्री डोळ्यांसमोर आणावा.

विरोध व्हायचा तो झालाच. प्रिन्स्टनचे अध्यक्ष जेम्स मकॉश हे मूळचे स्कॉटिश, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि धर्मोपदेशक. १८८५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये त्यांचा आणि एलियटांचा जाहीर वाद झाला. मकॉश यांचा मुद्दा असा, की गणित आणि अभिजात भाषा टाळून, हलकेफुलके विषय वेचून जर पदवी मिळणार असेल तर त्या पदवीला अर्थ काय? आम्ही हा वाद वाचला तेव्हा आमच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त वाचत असल्याचा भास झाला. दोघेही खरे बोलत होते, हीच त्यातली अडचण.

मकॉश यांची भीती निराधार नव्हती. अमेरिकी कॉलेजांत सोप्या पेपराला 'स्नॅप' म्हणण्याची रीत पडली, म्हणजे आपला 'स्कोरिंग'च. हार्वर्डच्या १८९८ च्या तुकडीतील निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी प्राथमिक पातळीपलीकडचे पेपर फारसे घेतले नव्हते, असे आढळले. पुढे ब्रिग्ज नावाच्या अधिष्ठात्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना विचारणा केली आणि १९०३ मध्ये निष्कर्ष दिला, की विद्यार्थी शिक्षकांच्या समजुतीपेक्षा पुष्कळच कमी अभ्यास करतात. (यासाठी समिती लागावी, याचे आम्हांला राहून राहून कौतुक वाटते.) त्या समितीवरचे एक सदस्य लॉरेन्स लोवेल १९०९ मध्ये एलियटांच्या जागी अध्यक्ष झाले. नव्या नियमानुसार सोळांपैकी किमान सहा पेपर एकाच क्षेत्रातले आणि आणखी सहा इतर क्षेत्रांत विखुरलेले घेणे बंधनकारक झाले. आज आमच्या विद्यार्थ्यापुढे येणारा 'मुख्य' आणि 'खुले वैकल्पिक' असा तक्ता थोड्याफार फरकाने याच तडजोडीचा वंशज आहे.

इथवरचा इतिहास कोणत्याही शिक्षकाला सुखावणारा आहे : मोकळीक दिली, मुलांनी आळस केला, पुन्हा वेसण घालावी लागली. आमची अस्वस्थता पुढच्या भागाची आहे.

हार्वर्डमधले सोपे समजले जाणारे पेपर शिकवत कोण होते? चार्ल्स एलियट नॉर्टन यांचा ललित कलांच्या इतिहासाचा वर्ग सोपा म्हणून प्रसिद्ध होता. शेकडो मुले नाव नोंदवत. हे नॉर्टन म्हणजे दान्तेचे गद्य अनुवादक आणि रस्किनचे स्नेही. नॅथॅनिएल शेलर यांचा भूविज्ञानाचा वर्ग असाच तुडुंब भरे, आणि तोही सोपा म्हणूनच. वर्गात शिरणाऱ्यांपैकी बहुतेक जण गुणांसाठी शिरत, यात शंका नाही. पण जे वर्गात चालले होते ते टाकाऊ होते असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. 'सोपे की मोलाचे' हा प्रश्न आपण पेपराच्या नावावर चिकटवतो. पण एकाच बाकावर बसलेल्या दोघांना त्याची दोन उत्तरे मिळू शकतात.

शेलरांच्या वर्गात एकदा असे दोघे खरोखरच शेजारी आले. विल्यम एडवर्ड बर्गहार्ट द्यु बॉइस हा कृष्णवर्णीय विद्यार्थी १८८८ मध्ये हार्वर्डला आला. फिस्क विद्यापीठाची पदवी हाती असूनही त्याला पुन्हा पदवीच्याच वर्गात बसवण्यात आले. त्याने मोकळ्या निवडीचा पुरेपूर उपयोग केला. विल्यम जेम्स आणि सांतायाना यांच्याकडे तत्त्वज्ञान, शिवाय रसायन, भूविज्ञान, इतिहास. विषयाच्या नावाकडे पाहण्यापेक्षा तो शिकवणारा माणूस शोधत असे. शेलरांच्या वर्गात दक्षिणेकडच्या एका गोऱ्या विद्यार्थ्याने त्याच्या शेजारी बसायला हरकत घेतली, तेव्हा शेलरांनी त्या गोऱ्या मुलालाच वर्गाबाहेर काढले, अशी आठवण द्यु बॉइस यांनी लिहून ठेवली आहे. तो मुलगा अभ्यासात तसाही यथातथाच होता, अशी शेलरांची मल्लिनाथीही त्यांनी नोंदवली आहे. शेलर स्वतः केंटकीचे, आणि कृष्णवर्णीयांविषयीची त्यांची छापील मते आज वाचवत नाहीत. तरीही हे घडले. सर्वांत सोप्या म्हणून गाजलेल्या शिक्षकाच्या वर्गात.

येथून आम्ही आपल्या मुलखात येतो, कारण शेजारी बसण्याचा प्रश्न इथे नवा नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यायचे होते. शाळेच्या कागदावर संस्कृत आणि फारसी असे दोन पर्याय होते. प्रत्यक्षात त्याच्यापुढे एकच होता. अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून त्याने फारसी घेतली. फारसीत गुण उत्तम मिळत. आजच्या भाषेत त्याला 'स्कोरिंग' विषय मिळाला होता! संस्कृतची ओढ मात्र सुटली नाही. पुढे त्यांनी ती भाषा स्वतःच्या कष्टाने मिळवली. आमच्या प्रवेशअर्जावरचा 'ऐच्छिक' हा शब्द वाचताना आता आम्हांला ही फारसी आठवते. इच्छा कोणाची, हे अर्जावर लिहिलेले नसते.

१९१३ च्या जुलैमध्ये, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, हाच विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी १. एकूण ६०. पदवीसाठी एवढ्याची गरज नव्हती. ही यादी आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो तेव्हा मुले पहिल्यांदा हसतात, मग मोजू लागतात. सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र, ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान. आणि गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी वाचलेला भारतातील जातींवरचा निबंध. हा निबंध त्यांच्या मुख्य विषयातला नव्हे, हे लक्षात घ्यावे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने बाजूच्या चार पेपरांपैकी एकात केलेले ते काम आहे. आजच्या तक्त्यात ते 'खुले वैकल्पिक' या रकान्यात पडले असते.

हे उदाहरण देऊन आमच्या विद्यार्थ्यांना लाजवण्याचा हेतू नाही. असामान्य माणसाचे माप सामान्याच्या अंगाला लावणे हा शिक्षकांचा आवडता अन्याय आहे. आमचा प्रश्न आमच्यापुरता आहे. एल्फिन्स्टनमधल्या त्या शिक्षकाने दार लावून घेतले होते. आमचे दार सताड उघडे आहे, पण आत आम्ही काय ठेवले आहे?

मराठी हा विषय एके काळी विद्यापीठात असावा की नसावा यावर वाद होता. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. पुढच्याच दशकात वरच्या परीक्षांतून देशी भाषांना बाजूला सारून अभिजात भाषांना जागा देण्यात आली. अभ्यासावे असे मराठीत आहे काय, हा आक्षेप होता. न्यायमूर्ती रानडे यांनी त्याला उत्तर म्हणून १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा इंग्रजीत लिहिला, विद्यापीठात खटपट केली. एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळालेली पाहायला ते उरले नाहीत. ज्या विषयासाठी असा झगडा झाला त्याच विषयात एम.ए. होऊन आम्ही नोकरीला लागलो.

आणि आम्ही काय केले? चार वर्षांपूर्वी विद्यार्थिसंख्या घसरली, कार्यभार कमी होण्याची भीती निर्माण झाली. विभागाच्या बैठकीत आम्ही मध्ययुगीन गद्याचा पेपर मागे घेतला आणि त्या जागी जाहिरातलेखनाचा आणला. जाहिरातलेखन वाईट नाही, नीट शिकवले तर भाषेची चांगली तालीम होते. पण आम्ही तो त्यासाठी आणला नव्हता. प्रश्नपत्रिका सोपी काढू, प्रकल्पाचे गुण सढळ देऊ, हे कोणी मोठ्याने बोलले नाही आणि सर्वांनी ऐकले. मुले आली, कार्यभार वाचला. पेपर स्कोरिंग आहे का, या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याने विचारण्याआधी आम्हीच होकारार्थी देऊन ठेवले होते.

गेल्या वर्षी वाणिज्य शाखेतली एक मुलगी त्याच जाहिरातलेखनाच्या वर्गातून बाहेर पडताना थांबली. आम्ही बोलता बोलता महानुभावांच्या गद्यातल्या छोट्या वाक्यांचा उल्लेख केला होता. ते पुस्तक कुठे मिळेल, असे तिने विचारले. ग्रंथालयात 'लीळाचरित्रा'ची प्रत होती. शेवटची नोंद आमच्यापैकीच एकाच्या नावावर निघाली. तिने ते नेले, दोनदा मुदत वाढवून घेतली. जाहिरातलेखनात तिला फार गुण पडले नाहीत.

यंदा मध्ययुगीन गद्याचा पेपर आम्ही पुन्हा यादीत घातला आहे. वर्ग चालवायला किमान वीस नावे लागतात. आजपर्यंत सात आली आहेत. मुदत शनिवारी संपते.